सफरचंदावरील कँकर : छाटलेले लाकूड बागेत राहू देऊ नका

झाडांचे डोळे (कोंब) फुगण्यापूर्वीच्या या दिवसांत पावसाची चिन्हे दिसत असतील, तर बाकीची कामे बाजूला ठेवून छाटलेले लाकूड आधी बागेबाहेर काढावे. कँकर म्हणजे साल कुजवणारा रोग; तो पसरवून चीन, कोरिया आणि जपानमधील सफरचंदाच्या बागांचे मोठे नुकसान करणारी ‘व्हाल्सा माली’ ही बुरशी मेलेल्या फांदीवरही टिकून राहते. अशा फांदीच्या सालीवर काळ्या बारीक पुटकुळ्या येतात, ओल मिळताच त्यांतून पिवळे-नारिंगी पीळदार धागे बाहेर पडतात आणि त्यांतले बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर ताज्या छाटांवर जाऊन बसतात. झाडावरचा रोग कसोशीने खरवडायचा आणि कापलेल्या फांद्या मात्र सरपणासाठी बुंध्याशी रचून ठेवायच्या, या एका चुकीपायी गेलेल्या बागा मी पाहिल्या आहेत.

निरोगी, अखंड सालीतून ही बुरशी सहसा आत शिरत नाही. छाटणीच्या जखमेतून किंवा थंडीने तडकलेल्या सालीतून ती शिरते आणि पुष्कळदा लक्षण न दाखवता दबा धरून बसते. झाड अशक्त झाले, की ती सालीतील पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळवणारी विकरे सोडते, भोवतालची आम्लता वाढवते आणि सफरचंदाच्याच सालीतील फ्लोरिडझिन हे नैसर्गिक द्रव्य मोडून त्यापासून विषारी द्रव्ये तयार करते; म्हणजे पेशी आधी मारायच्या आणि मग खायच्या, अशी तिची रीत आहे. अशी साल अंगठ्याने दाबल्यास खचते, तांबूस-तपकिरी पाणी सुटते आणि आंबूस, दारूसारखा वास येतो. बुरशीचे तंतू सालीखालच्या लाकडातही उतरलेले असल्याने वरून फवारलेले महागडे औषध तिथवर पुरेसे पोहोचत नाही. विक्रेता हे क्वचितच सांगतो.

रोगट साल धारदार सुरीने, निरोगी भागात एक-दोन सेंटीमीटर शिरून, वर-खाली निमुळती काढावी. खाली ताडपत्री अंथरावी, कारण खरवडलेला भुगाही रोग पसरवतो. जखमेवर १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, भांडे प्लॅस्टिकचे घ्यावे. मिश्रणात लोखंडी पाते बुडवून त्यावर तांबूस थर चढला, तर चुना वाढवावा.

इतर कामे : कोरड्या हवेत छाटणी, प्रत्येक झाडानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसणे, बुंध्याला चुना, निचरा, नत्र बेताने, पालाश पान-परीक्षणानुसार.

गेल्या हंगामात कुवतीबाहेर फळ धरलेली झाडे मी सर्वांत आधी तपासतो. हा अनुभवाचा अंदाज आहे, पण तो सहसा चुकत नाही.

कापलेल्या फांद्या आणि भुगा त्याच दिवशी जाळावा. जाळण्यास मनाई असेल तेथे खोल पुरावा. फळांनी वाकलेल्या फांद्यांना टेकू देण्यासाठी राखून ठेवलेले सफरचंदाचे लाकूडही तितकेच धोक्याचे असते. त्याची साल पूर्ण सोलून, ती जाळून किंवा पुरून, मगच ते बागेत आणावे.