जुना कॉलेज फुटबॉल हंगाम कसा वाचावा

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या सुरुवातीच्या दशकांतील एखाद्या संघाचा हंगाम आज आपल्यापुढे बहुधा एका ओळीत येतो. टेनेसीतील सेवानी येथील युनिव्हर्सिटी ऑफ द साउथच्या १८९९ च्या संघाची ओळ अशी आहे : बारा सामने, बारा विजय, केलेले गुण ३२२ आणि प्रतिस्पर्ध्यांना दिलेले गुण १०. ही ओळ खरी आहे, पण तेवढ्यावरून हंगाम कळत नाही. तो कळण्यासाठी ओळ उलगडावी लागते आणि उलगडण्याचा क्रमही सांभाळावा लागतो.

सर्वप्रथम वर्ष पाहावे, कारण त्यावरून खेळ नेमका कोणता होता हे ठरते. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स कॉलेजच्या संघाने प्रिन्स्टन कॉलेजच्या संघाला ६-४ असे हरवले. त्या सामन्यात प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन धावण्यास मुभा नव्हती. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहणाऱ्याला तो खेळ आजच्या अमेरिकी फुटबॉलपेक्षा अधिक ओळखीचा वाटला असता. अकरा खेळाडूंचा संघ आणि स्क्रिमेज (दोन्ही संघांनी समोरासमोर उभे राहून, चेंडू एका संघाच्या ताब्यात ठेवून खेळ सुरू करण्याची रीत) १८८० मध्ये येलचे खेळाडू वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने आले, तर डाऊनची पद्धत, म्हणजे ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापले नाही तर चेंडू सोडण्याचा नियम, १८८२ मध्ये आली. १८९९ मध्ये तीन डाऊनमध्ये पाच यार्ड पुढे जावे लागे. चेंडू पुढे फेकून पास देणे १९०६ पर्यंत नियमबाह्य होते. म्हणून त्या काळातील सामन्याची कल्पना करताना पासचा खेळ मनातून पूर्ण काढून टाकावा आणि अंगावर अंग घालून इंचाइंचाने पुढे सरकणारी माणसे डोळ्यांसमोर आणावीत.

यानंतर गुणांचे कोष्टक तपासावे. घाई करणारा वाचक हमखास फसतो तो इथेच. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे, १८८४ पासून चार गुण होते, १८९९ मध्ये पाच होते आणि सहा झाले ते १९१२ मध्ये. फील्ड गोल, म्हणजे चालू खेळात लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारणे, १९०४ पर्यंत पाच गुणांचा होता. त्या वर्षी तो चारवर आणि १९०९ मध्ये तीनवर आला. म्हणजे १८९९ मध्ये टचडाऊन आणि फील्ड गोल यांचे मोल सारखेच होते, आणि टचडाऊननंतर मारलेल्या गोलचा एक गुण मिळे. हे कोष्टक हाताशी ठेवून सेवानीची गुणसंख्या फोडून पाहावी. टेक्सासविरुद्धचे १२ म्हणजे सहा-सहाचे (टचडाऊन अधिक गोल) दोन वाटे. तुलेनविरुद्धचे २३ म्हणजे तीन सहा आणि एक पाच. हंगामात सेवानीने गुण दिलेला एकमेव सामना ऑबर्नविरुद्धचा होता आणि तो सेवानीने ११-१० असा जिंकला. सर्वांत साधी फोड धरली, तर दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाच झाले आणि निकाल एका गोलावर लागला. प्रशिक्षक जॉन हाइजमन यांनी तयार केलेला ऑबर्नचा संघ सेवानीच्या किती जवळ पोहोचला होता, हे शून्य पराभवांच्या रकान्यात कुठेच दिसत नाही. मात्र फोड करताना सावध राहावे : नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा ५-० हा निकाल टचडाऊनचा की फील्ड गोलचा, हे केवळ आकड्यावरून सांगता येत नाही, त्यासाठी त्या दिवसाचे वर्तमानपत्रच पाहावे लागते.

तिसरे काम म्हणजे सामने तारीखवार मांडून शेजारी गावांची नावे लिहिणे. माझ्या मते सेवानीच्या हंगामाचे खरे वैभव इथेच उघड होते. ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सासवर १२-०, १० ला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमवर १०-०, ११ ला न्यू ऑर्लिन्समध्ये तुलेनवर २३-०, मध्ये रविवारची विश्रांती, १३ ला बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटवर ३४-० आणि १४ ला मेम्फिसमध्ये मिसिसिपीवर १२-०. सहा दिवसांत पाच सामने, तेही सुमारे २,५०० मैलांच्या रेल्वे प्रवासात. बदली खेळाडू मुक्तपणे आत-बाहेर करण्याची सोय त्या काळी नव्हती. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परतू शकत नसे. नकाशावर रेघ ओढून पाहिली की ऑस्टिनचे १२ आणि मेम्फिसचे १२ सारखे नाहीत, हे लगेच लक्षात येते. हा दौरा आखणारे व्यवस्थापक ल्यूक ली पुढे टेनेसीचे सिनेटर झाले; आखणीचे कसब त्यांच्यात आधीपासूनच होते, असे म्हणायला हरकत नाही.

प्रतिस्पर्ध्यांचे वजनही जोखावे. ३२२ पैकी ७१ गुण एकट्या कंबरलँडविरुद्धचे आणि ५४ साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनविरुद्धचे आहेत. हे दोन सामने बाजूला ठेवले, तर उरलेल्या दहा सामन्यांची सरासरी वीसच्या खाली येते. येलच्या १८८८ च्या ६९८-० किंवा मिशिगनच्या १९०१ च्या ५५०-० अशा डोळे दिपवणाऱ्या बेरजांनाही हीच चाळणी लावावी. मिशिगनने एकट्या बफेलोवर १२८ गुण केले होते.

विजेतेपदाचा रकाना शेवटी भरावा आणि तोही पेन्सिलीने, कारण त्या काळात राष्ट्रीय विजेता ठरवणारी कोणतीही अधिकृत व्यवस्था नव्हती. जी पदे आज नोंदींत दिसतात, ती बहुतेक नंतरच्या अभ्यासकांनी मागे वळून दिलेली आहेत. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांनी आपसांत दोनच सामने खेळून एकेक जिंकला, तरी प्रिन्स्टन त्या वर्षाचे राष्ट्रीय विजेतेपद स्वतःकडे मोजते. अशा नोंदीपुढे पद कोणी दिले आणि केव्हा दिले, एवढे दोन शब्द लिहून ठेवावेत.