अक्षरांच्या आधी कान: लहान मुलाला वाचनाकडे नेताना

गोव्यातील पुष्कळ घरांत तीन-चार वर्षांचे मूल दिवसभर आजी-आजोबांच्या सोबतीला असते. घरातले बोलणे कोकणीत चालते, आजोबांचे वर्तमानपत्र मात्र मराठी असते. अशा घरात मुलाला वाचनाची गोडी लावायची तर पाटी-पेन्सिल हातात देण्याची घाई करू नये. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला असून, त्याच्या पहिल्या वर्षांत खरे काम कानाचे आणि जिभेचे असते.

सुरुवात शब्द कानांनी सुटे करण्यापासून करावी. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधताना ही संधी आयतीच मिळते, कारण केळी, काकडी, सुपारी, तोरिंजन, आंबाडे अशा वस्तू एकेक करून हातात येतात आणि प्रत्येकीचे नाव घ्यावेच लागते. वस्तू मुलाच्या हाती द्यावी, नाव सावकाश उच्चारावे आणि त्याबरोबर टाळ्या वाजवाव्यात: सु-पा-री, तीन टाळ्या, के-ळी, दोन. पुढे ‘काकडीतला पहिला का काढला तर काय उरले?’ असे विचारावे. ‘कडी’ हे उत्तर सापडले की मूल हमखास हसते आणि शब्द सुटा होतो, हे त्याला कोणी न सांगता उमगते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘नारळ’ लिहिताना अक्षरे तीन असली तरी बोलताना आपण ‘ना-रळ’ असेच म्हणतो, म्हणून मुलाने दोनच टाळ्या वाजवल्या तर त्याला चुकीचे ठरवू नये. त्याचा कान बरोबर असतो.

गोष्ट वाचून दाखवताना पुस्तक मुलाच्या मांडीवर असावे, पाने त्यानेच उलटावीत आणि वाचणाऱ्याचे बोट ओळीखालून डावीकडून उजवीकडे फिरत राहावे. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर येते. ‘आता ती काय करील?’ असे विचारले तर मूल वाक्यात बोलते. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजावे, कारण उत्तर जुळवायला मुलाला वेळ लागतो आणि तेवढा धीर मोठ्यांकडे क्वचितच असतो. चित्र पाहून नात ‘माजर न्हिदलां’ म्हणाली, तर तिला अडवून ‘मराठीत सांग’ म्हणू नये. ‘होय, मांजर चुलीजवळ झोपले आहे. त्याला तिथेच का बरे झोपावेसे वाटले असेल?’ असे म्हणून तिचेच वाक्य मराठीत वाढवावे. कोकणीत तिने मिळवलेले शब्द मराठी वाचताना तिच्या उपयोगालाच येतात, आणि लिपी तर दोन्हींची देवनागरीच आहे. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा वाचावी.

पुस्तके विकत घेणे जमत नसेल, तर पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग आहे. १८३२ साली सुरू झालेल्या या संस्थेत नातवंडांना घेऊन जाणे हीच त्यांच्यासाठी एक सहल होते.

अक्षरओळख मुलाच्या स्वतःच्या नावापासून करावी, सगळी बाराखडी पाठ करून घेण्यापासून नव्हे. बसथांब्यावर पणजी, पेडणे, पर्वरी ही नावे दिसली की तिन्हींतला ‘प’ शोधायला सांगावा. फोंड्याच्या बसवर त्याच ‘प’ला शेपूट फुटलेले दिसते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांसारख्या दिसायला जवळच्या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चार मात्र नंतर करतात, त्यामुळे ‘दिवा’ वाचताना मूल अडखळले तर दोष त्याचा नाही, लिपीचा आहे. गिरवायला ताटात पसरलेले कोरडे तांदूळ किंवा अंगणातली ओली माती चांगली, कारण बोटाने काढलेली रेघ पुसून पुन्हा काढता येते आणि पेन्सिल धरण्याचा ताण येत नाही.

हे सगळे मिळून रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मूल कंटाळले की त्याच क्षणी थांबावे. मात्र दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा पाठीमागून हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून वाट न पाहता डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्यावेत.