व्हँकूवरला नवीन आलात? ईस्ट हेस्टिंग्जबद्दल थोडं

एसएफयूहून (सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटी) डाउनटाउनला जाणारी आर५ बस ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावरच्या मेन आणि हेस्टिंग्जच्या चौकातूनच जाते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तुम्हाला ते दिसणार: फुटपाथवर तंबू, उघड्यावर सुई टोचून घेणारे, उभ्या उभ्या कमरेत वाकून तसेच थिजलेले लोक. शेजारच्या सरे शहरात, सरे सेंट्रल स्टेशनजवळ स्वस्त खोली घेतलीत तर तिथेही थोडंफार हेच.

बहुतेक जण तुमच्याकडे बघणारही नाहीत. कुणी सुटे पैसे मागितले तर 'सॉरी, नाहीत' म्हणून पुढे चालायला लागा. हवेशी भांडणारा, हातवारे करणारा माणूस बहुधा मेथ या उत्तेजक ड्रगच्या अमलाखाली असतो. त्याच्यापासून लांबून जा, वाद घालू नका. स्कायट्रेनमध्ये (इथली मेट्रो) त्रास झाला तर ८७७७७७ वर मेसेज करा, ट्रान्झिट पोलीस येतात.

आपली माणसं या ओरडणाऱ्याला घाबरतात आणि जो गप्प पडलाय त्याला ओलांडून जातात. खरं लक्ष द्यायचं ते त्याच्याकडे. फेंटानिल हे अफूसारखं पण फार जहाल ड्रग श्वास बंद पाडतं. हाक मारा, खांदा हलवा. ओठ निळसर किंवा राखाडी झालेत, घशातून घरघर येतेय, छाती हलत नाहीये, तर ९११ (आपत्कालीन नंबर) लावा. झोपला असेल तर फार तर चिडेल.

फेंटानिलचा असर उतरवणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाचं किट इथल्या फार्मसीत फुकट मिळतं आणि वापरायचं कसं तेही तिथेच पाच-दहा मिनिटांत दाखवतात. त्यात तीन डोस असतात. इंजेक्शन मांडीत, कपड्यांवरून दिलं तरी चालतं. दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडाने देत राहायचं, तीन ते पाच मिनिटांत शुद्ध आली नाही तर दुसरा डोस. अंगात फेंटानिल नसलं तरी या औषधाने अपाय होत नाही. 'पोलिसांच्या लफड्यात व्हिसा जाईल' ही भीती मनातून काढा. माणूस वाचवायला फोन करणं हा गुन्हा नाही. उलट २०१७ च्या कायद्याने, जवळ थोडं ड्रग सापडलं तरी फोन करणाऱ्यावर आणि बेशुद्ध माणसावर ते बाळगल्याचा गुन्हा लागत नाही.

व्हिडिओ काढू नका. त्यांना 'झॉम्बी' म्हणून गावाकडच्या ग्रुपवर टाकणारे आपलेच लोक बघितले की मला संताप येतो. ती कुणाची तरी मुलं आहेत.

गाडीत काहीही ठेवू नका. रिकामी पिशवीसुद्धा नको. चायनाटाउनमध्ये जेवायला गेलेल्या एका मुलाची काच फुटली, बॅगेत पासपोर्ट आणि स्टडी परमिट दोन्ही होतं. पोलीस रिपोर्ट, वकिलातीचे अर्ज, परमिटची नवी प्रत, यात त्याची अख्खी टर्म वाया गेली. पासपोर्ट घरी ठेवा. पुन्हा सांगतो, घरी.

पडलेली सुई हाताने उचलू नका, ३११ ला (महापालिकेचा नंबर) कळवा.

ब्रिटिश कोलंबिया या आपल्या प्रांताने २०१६ मध्ये ड्रगच्या ओव्हरडोसमुळे आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तेव्हापासून सोळा हजारांहून जास्त माणसं त्यात गेली. सरकारने २०२३ मध्ये अडीच ग्रॅमपर्यंत ड्रग जवळ बाळगायला सूट दिली, २०२४ मध्ये सार्वजनिक जागी ती काढून घेतली आणि जानेवारी २०२६ मध्ये ती सूटच संपली. पण बहुतेक मृत्यू फुटपाथवर होत नाहीत, बंद खोलीत होतात. बांधकामावर पाठ दुखते म्हणून कुणीतरी दिलेली गोळी घेणारी आपली पोरंही त्यात असू शकतात. म्हणून किट फक्त बॅगेत नको, बेसमेंटमध्येही एक ठेवा आणि कुठे ठेवलंय ते सगळ्या रूममेट्सना दाखवा.