हृदय सांभाळायचं तर आधी चमचा आणि टेप काढा

आमच्या मिठाच्या बरणीच्या झाकणावर बॉलपेनने लिहिलेली तारीख असते. नवी पिशवी ओतली की आमची ही, म्हणजे बायको, तारीख बदलते. पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा चार माणसांनी १ किलो मीठ २२ दिवसांत उडवलं होतं. भागाकार केला, माणशी रोज ११ ग्रॅम. ‘त्यातलं मूठभर मासे धुवायला जातं,’ असं ही म्हणाली. बरं, ते वजा करू. तरी जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मी बाहेर खाल्लेला वडापाव आणि फरसाण तर या हिशेबात धरलंच नव्हतं.

मी बेस्टमध्ये २७ वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली बरीच डबलडेकरवर. ५४व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली, आणि ती उघडी ठेवायला एक स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, बसला. तोवर सगळं अंदाजाने चालायचं. ‘मी काय फार खात नाही’, ‘दिवसभर राबतोच की’, ‘बीपी जरा वर असतं एवढंच’. आता मोजतो. गोळ्या कुठल्या आणि किती, ते डॉक्टर ठरवतात, त्यात मी बोलणार नाही. गोळ्यांशिवाय घरात जे करता येतं ते कसं करायचं, तेवढं सांगतो.

मीठ एकदम तोडू नका. आम्ही तोडलं आणि चौथ्या दिवशी मुलगा बाहेरून चायनीज घेऊन आला. मग आधी कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद केलं. ते कुणाला कळलंसुद्धा नाही. त्यानंतर आमटी-भाजीतलं दर आठवड्याला चिमूट चिमूट कमी. महिन्या-दोन महिन्यांत जीभ वळते. आता लग्नघरची आमटी मला खारट लागते. जेवणात आंबट असलं की मीठ कमी पडल्याचं फारसं जाणवत नाही, म्हणून कोकम आणि लिंबू हाताशी ठेवा. पापड, लोणचं, सुकट, खारा बांगडा हे खरे चोर. खारा बांगडा मी सोडलेला नाही, पण पावसाळ्यात महिन्यातून एकदा, तोही तासभर भिजवून, पाणी फेकून देऊन. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर ते महागात पडू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

तेलाचं प्रकरण मिठापेक्षा अवघड गेलं. आमच्याकडे महिन्याला ५ लिटरचा डबा संपायचा. आहारतज्ज्ञ बाईंनी माणशी रोज चार छोटे चमचे सांगितले, म्हणजे २० मिली. चौघांचे महिन्याचे होतात २ लिटर ४०० मिली. हिला वाटलं, बाई स्वयंपाक करत नसणार. शेवटी युक्ती काढली. एक तारखेला अडीच लिटर तेल वेगळ्या डब्यात काढायचं आणि महिना तेवढ्यातच भागवायचा. पहिल्या महिन्यात २३ तारखेलाच डबा रिकामा! पण त्यामुळे तेल जातं कुठे ते दिसायला लागलं. ही किटलीतून थेट कढईत धार धरायची. आता किटली कपाटात, डब्यात चमचा. दोन चमच्यांत मोहरी छान तडतडते. कढई आधी नीट तापू द्यायची, कांदा तळाला धरायला लागला की पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून झाकणावर पाणी घालायचं. भाजी वाफेवर शिजते. भेंडी मात्र अशी होत नाही, चिकट होते. तिला एक चमचा जास्त देतो.

शेंगदाण्याचं बरं की सूर्यफुलाचं, यावर भांडत बसण्याआधी किती वापरता ते बघा. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. आणि चहाबरोबरची खारी, नानकटाई कमी करा. २०२२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे तेलात आणि वनस्पती तुपात २ टक्क्यांपेक्षा जास्त ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना होणारी हृदयाला वाईट चरबी, चालत नाही, हे चांगलंच झालं. पण म्हणून खारी हलकी झाली असं समजू नका. मैदा आणि घट्ट चरबी त्यात आहेच.

मी चिपळूणकडचा. नारळ सोडा म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं. पण नारळातली बहुतेक चरबी सॅच्युरेटेड, म्हणजे तुपासारखी थिजणारी, असते आणि ती एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवते. म्हणून वाटणात अर्धाच नारळ आणि दाटपणाला भाजलेला कांदा. बांगडा आणि तारली मात्र भरवशाचे, त्यांत ओमेगा-३ नावाची हृदयाला बरी चरबी चांगली असते आणि पापलेटच्या मानाने खिशालाही परवडतात. रवा लावून तळू नका, तिखलं करा. मासे खात नसाल तर कुळीथ, मूग, मटकी रोज ताटात असू द्या आणि भाताची वाटी एकच ठेवा.

सोमवारच्या उपवासावर माझा फार भरवसा होता. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात तूप, बटाटा, कूट. एका बशीत दोन जेवणांचा ऐवज. आता वरी, ताक, काकडी. उपवास तसाच आहे, आणि महादेवाने तक्रार केलेली नाही.

आता बसण्याबद्दल. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. १९५३ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. ड्रायव्हर दिवसभर सीटवर, कंडक्टर दिवसभर डबलडेकरच्या जिन्यावर, आणि हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त. लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा मी हसलो. आमच्या डबलडेकरला कंडक्टर दोन, एक वर आणि एक खाली, त्यांना कसला जिना! पण पुढचं ऐकलं आणि गप्प झालो. १९५६ मध्ये त्याच डॉक्टरांनी युनिफॉर्मच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तर ड्रायव्हरांच्या पँटी आधीपासूनच कंबरेला मोठ्या होत्या. म्हणजे सगळा दोष सीटचा नव्हता. माणूस पोट घेऊनच सीटवर बसला होता. माझंही तसंच.

तेव्हा शिंप्याची टेप आणा. पँटचं माप धरू नका, पँट आपण पोटाखाली नेसतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०, ही धोक्याची रेघ. मी १०३ होतो, आता ९४. अजून रेघेच्या पलीकडेच आहे.

चालायचं किती? आठवड्याला १५० मिनिटं. मी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारतो, अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. वेग बरोबर आहे का हे ओळखायची खूण अशी: चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येता कामा नये. अभंग म्हणता येत असेल तर पाय उचला. बोलतानाच धाप लागत असेल तर सावकाश. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी कधी सुरू करायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मी घरातल्या घरात पाच मिनिटांपासून सुरुवात केली होती. छातीत दुखलं, चक्कर आली की तिथेच थांबायचं, ‘ही फेरी पुरी करतो’ म्हणायचं नाही. नुसतं चालून पायात ताकद येत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. पहिल्या दिवशी माझ्या सहा झाल्या. सत्तावीस वर्षं क्लच दाबलेला माणूस, लाज वाटली.

तंबाखू. मी सिगारेट ओढत नव्हतो, म्हणून स्वतःला निर्व्यसनी समजायचो. खिशात चुन्याची डबी असताना. निकोटिन धुरातून येवो नाहीतर गालातून, नाडी आणि बीपी चढवतंच. मशेरी लावणाऱ्या आयाबायांनाही हे लागू. तल्लफ काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यासाठी मी लवंग ठेवायचो. दोनदा सोडून परत धरली, तिसऱ्यांदा सुटली. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फुकट सल्ला मिळतो.

झोप सात तास तरी हवी. घोरताना श्वास अडकतोय असं घरचे म्हणत असतील तर हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना सांगा.

बीपी घरी मोजा, दंडावर पट्टा बांधायच्या मशीनने. आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही बंद, फोन लांब. पट्टा शर्टावर नको, उघड्या दंडावर, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला. एक मिनिट सोडून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. चांगला आलेला तेवढाच लिहायचा, हे मी महिनाभर केलं. डॉक्टरांनी वही बघूनच ओळखलं. आठवडाभराची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर वही घेऊन दवाखान्यात जा. गोळीने आकडा खाली आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर एक दिवसही नाही. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

माझा झटका रात्री जेवणानंतर आला. छाती भरल्यासारखी, डावा खांदा जड, कपाळावर गार घाम. पित्त म्हणून सोडा प्यायलो आणि दीड तास घालवला. अशा वेळी मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. छातीवर दाब, हात, जबडा किंवा पाठीत कळ, दम लागणं, गार घाम यांतलं काही अचानक आलं तर सोडा नाही, मालिश नाही, स्वतः स्कूटर चालवत जाणं तर नाहीच. १०८ ला फोन करा. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत फारसं न दुखता नुसता दम लागून किंवा मळमळूनही झटका येतो.

आमच्या दारामागे खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली आहे. त्यात ईसीजीची जुनी प्रत, गोळ्यांची यादी, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी ते, आणि पाचशेच्या दोन नोटा. शेजारच्या मुलालाही पिशवी कुठे असते ते दाखवून ठेवलंय. यादी बदलली की ही जुनी फाडते आणि नवीवर तारीख टाकते, मिठाच्या बरणीवर टाकते तशीच.