निळ्या आकाशात काळपट पट्टा: माझा अनुभव

स्वित्झर्लंडमध्ये झरमॅटच्या वर, रोटेनबोडेन स्टेशनहून थोडं उतरलं की रिफेलझे तळं लागतं. तिथे १६ मिमीच्या रुंद कोनाच्या लेन्सवर काढलेल्या मॅटरहॉर्न शिखराच्या फोटोंत आकाश एका बाजूला गडद, दुसरीकडे फिकट. लेन्स पुसली, हूड काढला, लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडियंट (हळूहळू बदलणारी उजेडाची छटा) लावले, पट्टा जाईना. वैताग आला.

कारण पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावलेला, चमक कमी करणारा फिरता फिल्टर. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश तो सर्वाधिक गडद करतो आणि फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) १६ मिमी लेन्स आडवी जवळपास ९७ अंश बघते, म्हणजे पट्टा सहज फ्रेममध्ये येतो. शिवाय फिल्टर फिरवताना पाण्यातलं प्रतिबिंबही पुसट होतं!

उपाय, याच क्रमाने: आधी फिल्टर काढा. रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल), मॅन्युअल मोड. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटणार नाही इतपत एक्स्पोजर ठेवा, कारण बर्फाचे तपशील आधी पांढरेफटक होऊन जातात. घरी फक्त निळ्या रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणा) किंचित खाली.

ओल्या खडकांची चमक मारायला फिल्टर हवाच असेल, तर ३५ मिमी किंवा त्याहून लांब लेन्स वापरा. पट्टा कुठे येईल ते असं ओळखा: तर्जनी सूर्याकडे, अंगठा काटकोनात. मनगट फिरवलं की अंगठा जिथून जातो तोच पट्टा. तेवढं आकाश फ्रेमबाहेर ठेवा.