स्वतःच्या नोट्ससाठी विकी कसा वापरायचा

विकी म्हणजे एकमेकांना लिंकने जोडलेली, हवी तेव्हा बदलता येणारी पानं. विकी म्हटलं की सगळ्यांना विकिपीडियाच आठवतो, पण एकट्याने वापरायला विकीसारखी दुसरी सोय नाही असं माझं ठाम मत आहे. सुरुवात करायला टिडलीविकी हे सॉफ्टवेअर घ्या, २००४ पासून आहे, फुकट आहे आणि अख्खा विकी एका एचटीएमएल फाइलमध्ये मावतो, फक्त सेव्ह कसं होतं ते आधी नीट बघून घ्या कारण ब्राउझर ती फाइल आपोआप बदलत नाही. नोट्स साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये हव्या असतील तर डोकुविकी हे दुसरं सॉफ्टवेअर घ्या, त्याला डेटाबेस लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. फोल्डर बनवत बसू नका. एका पानावर एकच विषय, आणि लिहिता लिहिता जो शब्द पुढे वाढवावासा वाटेल त्याला तिथल्या तिथे डबल चौकटी कंसात [[असं]] टाका, म्हणजे त्या नावाच्या पानाची लिंक बनते, ते पान अजून नसलं तरी चालतं, उलट तीच तर गंमत आहे, न लिहिलेल्या पानांच्या लिंका वेगळ्या दिसतात आणि पुढे काय लिहायचंय त्याची यादी आपोआप तयार होते. अर्धवट लेखाला ‘कच्चा’ असा टॅग लावा, झाला की काढा. डोकुविकीत जुनी आवृत्ती परत आणता येते म्हणून परिच्छेद बिनधास्त उडवा. टिडलीविकीत तसा इतिहास आपोआप राहत नाही, तिथे फाइलची कॉपी अधूनमधून दुसरीकडे ठेवा.

आणि पासवर्ड मात्र यात लिहू नका.