फ्रीबीएसडीवर जेल उभारण्याआधी

जेल म्हणजे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत बंदिस्त केलेली, वेगळ्या मशीनसारखी वागणारी जागा. ती तयार करायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो आधी न ठरवलेलं नंतर निस्तरण्यात. सोय मूळ सिस्टीममध्येच आहे, २००० साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून. त्यामुळे वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही. बॅस्टीलसारखी जेल सांभाळणारी साधनं चांगली आहेत, पण पहिली जेल हातानेच करावी असं माझं मत.

आधी होस्टची, म्हणजे जिच्यावर जेल चालणार त्या मूळ सिस्टीमची, आवृत्ती बघून घ्या. सगळ्या जेल होस्टचाच कर्नल (सिस्टीमचा गाभा) वापरतात, म्हणून जेलमधली आवृत्ती होस्टपेक्षा जुनी चालते, नवी नाही. बेसची (जेलमध्ये ठेवायच्या मूळ सिस्टीमची) फाइल त्या हिशेबाने उतरवा. अपग्रेड करतानाही आधी होस्ट, मग जेल.

डिस्कवर झेडएफएस ही फाइलसिस्टीम असेल तर जेलसाठी तिच्यात स्वतंत्र डेटासेट (कप्पा) करा आणि त्याखाली प्रत्येकीचा वेगळा. एक कोरी जेल अपडेट करून, टाइमझोन आणि डीएनएस घालून तिचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घ्या. पुढच्या जेल त्याचे क्लोन, म्हणजे त्यावरून काढलेल्या प्रती. मात्र क्लोन आहेत तोवर तो मूळ स्नॅपशॉट पुसता येत नाही.

खरं डोकं लावायचं ते नेटवर्कला. साधा मार्ग म्हणजे होस्टच्याच इंटरफेसवर जादा आयपी देणं. तसं करणार असाल तर सॉकस्टॅट ही आज्ञा चालवून होस्टवरच्या कोणत्या सर्व्हिस सगळ्या पत्त्यांवर कान लावून बसल्यात ते आधी पाहा. एसएसएच (दुरून लॉगिन करायची सर्व्हिस) बहुधा असतंच. त्याला होस्टच्या पत्त्याशी बांधा, नाहीतर जेलच्या आयपीवर लॉगिन कराल आणि पोचाल होस्टमध्ये. अशा जेलला स्वतःचा लूपबॅक पत्ता (मशीनने स्वतःशीच बोलायचा) दिला नसेल, तर आतलं १२७.०.०.१ तिच्या आयपीवर वळतं. म्हणजे ‘फक्त लोकल’ ठेवलेला डेटाबेस त्या आयपीवर उघडा पडतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आत पिंग चालत नसेल तर घाबरू नका. पिंगला लागणारी रॉ सॉकेटची परवानगी मुळातच बंद असते. फेच या आज्ञेने एखादी फाइल उतरवून बघा.

दुसरा मार्ग व्हीनेट. यात प्रत्येक जेलला स्वतःचा नेटवर्क स्टॅक मिळतो, आणि १२.० पासून त्यासाठी कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही. ब्रिज (आभासी स्विच) आणि ईपेअर (आभासी केबल) मात्र मांडावे लागतात. खाजगी पत्ते दिलेत तर पीएफ या फायरवॉलमध्ये नॅटचा (पत्ते बदलण्याचा) नियम आणि होस्टवर गेटवे चालू हवा.

मेमरी-सीपीयूवर मर्यादा घालायची शक्यता असेल तर लोडरच्या कॉन्फिगमध्ये रॅक्ट (वापराचा हिशेब ठेवणारी सोय) आत्ताच चालू करा. ते रीबूटशिवाय लागू होत नाही, आणि चालत्या सर्व्हरवर रीबूट मागणं किती अवघड ते सांगायला नको.

जेलच्या कॉन्फिगमध्ये पाथ, होस्टनेम, पत्ता, सुरू-बंद करायच्या आज्ञा आणि डेव्हएफएस (आतली डिव्हाइस फाइलींची जागा) एवढं पुरतं. ‘अलाऊ’ने सुरू होणारे पर्याय नेटवर कुठे दिसले म्हणून उचलून घालू नका, प्रत्येकाने भिंतीला एक भोक पडतं. आरसी.कॉन्फ या होस्टच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये जेल चालू करा आणि खरं काम सोपवण्याआधी होस्ट एकदा मुद्दाम रीबूट करून, सगळ्या जेल आपोआप उठतात का ते जेएलएस या (चालू जेलची यादी देणाऱ्या) आज्ञेने तपासा.